भिडू, गेडी आणि कच्चे लिंबू

जबलपूरहून शहपुरा, दिंडोरी आणि पुढे अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. नर्मदेला मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते आणि येथून पूर्वेला मंडला-दिंडोरीच्या डोंगरांपर्यंत पसरलेला मुलूख प्रामुख्याने गोंडांच्या वस्तीचा आहे. या पट्ट्यात, तसेच त्याला लागून असलेल्या छत्तीसगढच्या मैदानात, भर पावसाळ्यात हरेलीच्या अमावास्येला मुलांसाठी गेड्या करण्याची जुनी रूढी आहे. ही अमावास्या उत्तरेकडील पंचांगात श्रावणात धरली जाते, तर महाराष्ट्राच्या पंचांगात तीच आषाढातली दिव्याची अवस असते. गेडी म्हणजे माणसाहून उंच असे दोन बांबू आणि जमिनीपासून काही अंतरावर त्यांना दोरीने आवळून बांधलेले पाय ठेवण्याचे आधार. त्या दिवसापासून पोळ्यापर्यंतचा साधारण महिनाभर मुले चिखलावरून, वाहत्या पाण्यातून आणि एकमेकांना धक्के देत गेडीवर हिंडतात. चालताना दोरी व बांबू घासून करकर आवाज व्हावा यासाठी छत्तीसगढच्या बाजूला बांधणीवर घासलेट ओतण्याचीही पद्धत आहे.

लहान मुलांच्या हालचालींतील कौशल्य आणि त्यांची मैत्री यांचा संबंध ऐतिहासिक अंगाने तपासायचा असेल, तर गेडी हे चांगले उदाहरण ठरते. चालणे, धावणे, उडी मारणे, तोल सावरणे, फेकणे आणि झेलणे अशा मोठ्या स्नायूंच्या हालचालींना बालविकासाच्या शास्त्रात स्थूल कारक कौशल्ये म्हणतात, तर बोटांच्या नेमक्या हालचालींना सूक्ष्म कारक कौशल्ये म्हणतात. सर्वसाधारणपणे मूल तिसऱ्या वर्षी क्षणभर एका पायावर उभे राहते, चौथ्याच्या सुमारास एका पायावर उड्या मारू लागते आणि पाचव्या-सहाव्या वर्षी उडत्या चालीने धावू शकते. गेडी याच्या बरीच पुढची मागणी करते, कारण तिच्यावर स्थिर उभे राहता येत नाही आणि तोल राखण्यासाठी सतत पावले टाकत राहावे लागते. ती शिकणाऱ्याला पहिल्या दिवसांत दुसऱ्या कोणी तरी बांबू धरून ठेवावे लागतात, आणि हा धरणारा बहुधा आदल्या वर्षी शिकलेला, जरा मोठा मुलगा असतो. म्हणजे कौशल्य आधी आणि सोबत नंतर, असा क्रम येथे लागत नाही, कारण कौशल्य येण्यासाठीच सोबत लागते.

मुलांच्या खेळातील सोबतीचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने मिनेसोटा विद्यापीठाच्या शिशुशाळेतील मुलांचे निरीक्षण करून १९३२ मध्ये जी वर्गवारी मांडली ती आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. तिच्यानुसार मूल आधी एकट्याने खेळते, मग दुसऱ्याच्या शेजारी पण स्वतंत्रपणे खेळते, पुढे वस्तूंची देवघेव करीत खेळते आणि शेवटी समान उद्दिष्ट ठेवून, कामे वाटून घेऊन सहकार्याने खेळते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे याने गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावर आधारलेले नैतिक विचारांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि खेळाचे नियम मुलांना कोणत्या वयात कसे कळतात हे दाखविले. पियाजेचा रोख मुलाच्या नियमविषयक समजुतीवर होता, त्यामुळे मोठी मुले लहानांसाठी नियम कसे वाकवतात हा प्रश्न त्याच्या विवेचनात मागेच राहिला. भारतीय गावांतील खेळांच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न मध्यवर्ती आहे, कारण येथे एकाच वयाच्या मुलांचे वर्ग पाडणारी शाळा येईपर्यंत चार वर्षांचे धाकटे भावंड आणि अकरा वर्षांचा थोरला हे एकाच अंगणात, एकाच डावात असत.

कुंडमच्या पूर्वेकडील या गोंड मुलखाच्या अभ्यासात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. शामराव हिवाळे यांनी मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर १९३२ मध्ये तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे वस्ती केली आणि दोघांनी गोंड सेवा मंडळाच्या वतीने शाळा व दवाखान्याचे काम सुरू केले. त्या काळी जबलपूर, मंडला, नागपूर, चांदा आणि वऱ्हाड हे सारे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषा तेथे शेजारी नांदत होत्या. ही व्यवस्था १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत टिकली. एल्विन यांच्याबरोबर मैकल पर्वतातील लोकगीतांचा संग्रह करणारे आणि वरच्या नर्मदाखोऱ्यातील परधानांवर १९४६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे हिवाळे मराठी वाचकाला आज फारसे ठाऊक नाहीत, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

या मुलखातील शैला नृत्याची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांतील एक रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तीत नाचणारे वर्तुळ करतात, प्रत्येक जण एका पायावर उभा राहून पुढच्याला धरतो आणि सारे वर्तुळ मिळून उड्या मारीत फिरते. येथे एकाचा तोल दुसऱ्याच्या तोलावर उभा असतो, त्यामुळे कोणी एकटा फार चपळ असून भागत नाही. बस्तरच्या मुरिया गोंडांमध्ये घोटुल नावाची मुलामुलींची स्वतंत्र संस्था होती आणि तिच्यावरील १९४७ च्या ग्रंथात एल्विन यांनी तिच्यातील खेळ व नृत्यांची तपशीलवार नोंद केली. मुरिया मुलांचा गेडीनाचही प्रसिद्ध आहे. घोटुल ही संस्था कुंडमच्या बाजूची नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण गोंड म्हटले की घोटुल असा सरसकट समज पुढे पसरला. गेडीला मात्र अशा संस्थेची गरज नव्हती, तिला बांबू, दोरी आणि पावसाळा एवढे पुरेसे होते.

मराठी परंपरेत मुलांच्या हालचालींच्या खेळांचा विपुल उल्लेख संतवाङ्मयात येतो. एकनाथ आणि तुकाराम यांच्या अभंगांत हमामा, हुतूतू, चेंडूफळी, टिपरी, फुगडी या खेळांवर रूपके रचलेली आहेत आणि ती श्रोत्यांना कळावीत यासाठी ते खेळ घरोघरी माहीत असणे आवश्यक होते. याच परंपरेत गोकुळातल्या सवंगड्यांपैकी पेंद्या हे पात्र उभे राहिले. तो पायांनी अधू, बोलण्यात बोबडा आणि तरीही कृष्णाच्या अगदी जवळचा असा रंगविला जातो आणि तमाशातील गवळणीत तर तो हमखास हशा मिळविणारा गडी म्हणून दीर्घकाळ टिकला. त्याच्यावर हसण्याचा भाग प्रेक्षकांच्या पदरात पडतो हे खरे, आणि ते हसणे नेहमी निरागस असते असेही म्हणता येत नाही. तथापि काल्याच्या कथेत प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि तीत पेंद्याची शिदोरी वगळली जात नाही. धावण्यात मागे पडणाऱ्या मुलाला खेळगड्यांत जागा असते, ही कल्पना मराठी मनाला तेथून परिचित होती.

ही कल्पना प्रत्यक्ष अंगणात ज्या रूढींनी पाळली जाई, त्यांचा विचार अधिक बारकाईने करावयास हवा. मोठ्या खेळासाठी दोन पक्ष पाडताना दोन मुखत्यार गडी बाजूला उभे राहत आणि उरलेली मुले आपणहून जोड्या लावीत. जोडी सारख्या ताकदीच्या दोघांची असावी, असा संकेत असे. दोघे गळ्यात हात टाकून दूर जात, एखाद्या फुलाचे किंवा ग्रहताऱ्याचे अशी टोपणनावे घेत आणि परत येऊन मुखत्यारांसमोर नावे ठेवीत. ज्याने जे नाव मागितले तो गडी त्याचा. या पद्धतीत दोन्ही पक्षांना सारखे बळ मिळे आणि कोणाला शेवटी नाइलाजाने घेतले, असा अपमान उघडपणे होत नसे. मात्र जोडी लावण्याच्या क्षणी प्रत्येक मुलाला आपली बरोबरी कोणाशी, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागे. पायात वेग किती, नेम किती, दम किती याचे इतके चोख मूल्यमापन कोणत्याही शाळेच्या प्रगतिपुस्तकात होत नसेल. आपल्याहून सरस मुलाशी जोडी लावू पाहणाऱ्याला इतर मुले हसून परतवीत आणि अशा जोड्यांतून जमलेली गट्टी पुष्कळदा खेळाबाहेरही टिकत असे.

राज्य कोणावर येणार हे ठरविण्यासाठी चकण्याची रीत होती. तीन मुलांनी हात एकमेकांवर ठेवून एकाच वेळी उलथे किंवा पालथे करायचे आणि ज्याचा वेगळा पडेल तो सुटला. कौशल्याशी काही संबंध नसलेला हा निव्वळ नशिबाचा भाग डावाच्या अगदी आरंभी ठेवलेला असल्याने सर्वांत चपळ मुलावरही राज्य येऊ शकत असे. खेळांची रचनाही काही अंशी समतोल साधणारी होती. लंगडीत पकडणाऱ्याला एकच पाय वापरता येतो, आंधळ्या कोशिंबिरीत त्याचे डोळे बांधलेले असतात आणि लपंडावात लहान अंगाच्या मुलाला लपायला सोपे जाते. सूरपारंब्यांत मात्र अशी कोणतीच सवलत नव्हती, ज्याला झाडावर चढता येत नाही त्याने खाली उभे राहून पाहायचे.

या सगळ्या रूढींत सर्वांत अर्थपूर्ण रूढी कच्च्या लिंबाची आहे. फार लहान किंवा अजून नीट धावता न येणाऱ्या मुलाला कच्चे लिंबू म्हणून डावात घेत. त्याला बाद करीत नसत, त्याच्यावर राज्य देत नसत आणि त्याने कोणाला शिवले तरी ते फारसे मोजत नसत, पण त्याने सर्वांबरोबर धावायचे, ओरडायचे आणि डाव संपल्यावर पक्षाबरोबर आनंदही करायचा. बंगालमध्ये अशा मुलाला दूधभात म्हणतात, यावरून ही रूढी केवळ महाराष्ट्राची नाही हे दिसते. तिचा उगम बहुधा घरच्या गरजेत असावा, कारण आई शेतावर किंवा कामावर असताना धाकट्याला सांभाळणे थोरल्या बहिणीकडे असे आणि तिला खेळायचे असेल तर धाकट्याला डावात ओढण्यावाचून इलाज नसे. परंतु परिणाम दूरगामी होता. हालचालीचे कौशल्य सरावाने येते, सराव खेळात होतो आणि खेळात प्रवेश मिळण्यासाठी कौशल्य लागते, हे चक्र कच्च्या लिंबाच्या रूढीने पहिल्याच टप्प्यावर तोडले. काही काळाने मूलच हट्ट धरी की आता आपल्यालाही बाद करा, आणि बाद होण्याचा हा हक्क मिळणे ही बालपणातील मोठी बढती असे. रूढीला काळी बाजूही होती. आठ-नऊ वर्षांच्या एखाद्या अवघडलेल्या मुलाला कच्चे लिंबू ठरविणे ही उघड अवहेलना होती आणि चिडविण्यासाठी तो शब्द सर्रास वापरला जाई.

मुलींच्या खेळांचा इतिहास काहीसा निराळा आहे. सागरगोट्यांत बोटांचे कौशल्य लागते, झिम्म्यात टाळ्यांचा ठेका साधावा लागतो, तर फुगडीत दोघींनी हातांची आढी घालून, पाय जवळ ठेवून आणि अंग मागे झोकून गरगर फिरायचे असते. तेथे एकीने हात सोडला तर दुसरी पडते, त्यामुळे वजन आणि वेग यांचा अंदाज दोघींना एकाच वेळी घ्यावा लागतो. फुगडीत प्रतिस्पर्धी नसतो, जोडीदारीण असते आणि कोणाची फुगडी कोणाशी जमते यावरून मुलींचे सख्य ओळखता येई. बालविवाहाच्या काळात मुलीचे अंगणातले खेळ लवकर सुटत, परंतु लग्नानंतरची पहिली पाच वर्षे मंगळागौरीच्या जागरणाने, आणि भोंडला, हादगा किंवा विदर्भ-खानदेशातील भुलाबाई यांनी, या हालचालींना सासरीही मान्यता दिली. सासरी नव्याने आलेल्या मुलीला तेथील मुलींत मिसळण्याचा तो एक रुळलेला मार्ग होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी या खेळांना संघटित रूप देण्याचे प्रयत्न झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास बांधले, त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, बडोद्यात आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळातर्फे नियमांची अधिक काटेकोर मांडणी झाली आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश याच वातावरणात सिद्ध झाला. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्याने कोणते पर्याय मागे पडले हे पाहण्यासारखे आहे. हुतूतूचे, म्हणजे पुढच्या कबड्डीचे, तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर राही, आणि अमर या प्रकारात बाद होऊनही गडी मैदानातच राही, फक्त प्रतिपक्षाला गुण मिळे. कच्च्या गड्याच्या दृष्टीने गामिनी सर्वांत कठोर आणि अमर सर्वांत उदार. संघटित कबड्डीने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले आणि अमरचा मुक्तपणा स्पर्धेच्या मैदानावरून नाहीसा झाला. ठरावीक संख्या, घड्याळ आणि पंच आल्यावर कच्च्या लिंबाला तर कोठेच जागा उरली नाही, कारण मोजला न जाणारा गडी नियमपुस्तकात लिहिता येत नाही.

संघटित खेळांची ही वाटचाल चालू असतानाच त्याहून लहान मुलांसाठी दुसरा प्रवाह सुरू झाला होता. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. या प्रयोगांना आधार असलेल्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत तोल आणि अंगावरील ताबा यांना मोठे स्थान होते, जमिनीवर आखलेल्या रेषेवरून पाऊल जुळवीत चालणे हा तिचा एक नित्याचा पाठ, परंतु त्या पद्धतीत मूल आपल्या साधनाशी एकाग्र होऊन बहुतांशी स्वतंत्रपणे काम करी. फ्रेडरिक फ्रोबेल याच्या बालोद्यानात उलट वर्तुळाकार सामूहिक खेळांवर भर होता. बोर्डी आणि कोसबाडला महागडी साधने परवडणारी नव्हतीच. तेथे शंख-शिंपले, बिया, बांबू आणि माती यांतून साधने झाली आणि अभिनयगीते व गोलातले खेळ यांना पुष्कळ वेळ मिळाला. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तिला अंगणवाडी म्हटले गेले, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तेथे मुलांबरोबर धाकटी भावंडेही येत आणि त्यांना परत पाठविले जात नसे. जोडून पाळणाघर ठेवण्याची विकासवाडीची कल्पना त्यातूनच पुढे आली. अंगणातील जुन्या मिश्रवयीन डावाचे काही गुण अशा रीतीने शिक्षणात परत आले, ही ताराबाईंच्या कामाची फारशी न बोलली गेलेली बाजू आहे.

अलीकडच्या अभ्यासांनी या संबंधाचे मोजमाप करण्याचा प्रयत्न केला आहे. शालेय वयाच्या मुलांपैकी सुमारे पाच ते सहा टक्के मुलांना, बुद्धी आणि स्नायू यांत अन्य दोष नसताना, हालचालींचा मेळ घालण्यात लक्षणीय अडचण येते आणि तिला विकासात्मक समन्वय विकार असे नाव आहे. अशी मुले मैदानावरील सामूहिक खेळांत कमी भाग घेतात, सुटीत एकटी राहण्याचे त्यांचे प्रमाण अधिक असते आणि भाग कमी घेतल्याने सरावही कमी होतो. शरीराने तरबेज मूल आपोआप लोकप्रिय होते असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल, कारण भाषा, स्वभाव आणि घरची परिस्थिती यांचाही त्यात वाटा असतो. तरीही सवंगड्यांत प्रवेश मिळविण्याचे लहान वयातील सर्वांत उघडे दार खेळ हेच असल्याने त्या दाराशी अडणारे मूल एकटे पडण्याचा धोका खराच आहे.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले, त्यामुळे कोसबाडशी जोडलेला शब्द कुंडमच्या गोंड पाड्यांपर्यंत पोहोचला. योजनेच्या सहा सेवांपैकी पूरक पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा आणि आहार व आरोग्याचे शिक्षण या पाच सेवा शरीराच्या पोषणाशी आणि आरोग्याशी निगडित आहेत, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही एकच सेवा खेळाशी जोडलेली आहे. कुपोषणाचे प्रमाण पाहता हा क्रम समजण्यासारखा आहे, आणि उपाशी मूल धावत नाही हेही तितकेच खरे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी २०२४ मध्ये केंद्राने आधारशिला नावाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात खेळाधारित शिक्षणावर भर आहे. परंतु अंगणवाडीतून मूल सहाव्या वर्षी बाहेर पडते आणि गेडीवर चढण्याचे वय साधारण त्यानंतर सुरू होते. तोवर ते पहिलीच्या वर्गात, सारख्याच वयाच्या मुलांत बसू लागलेले असते, आणि हरेलीला त्याचे बांबू धरून उभा राहणारा मोठा मुलगा त्याला शाळेच्या वेळेबाहेरच शोधावा लागतो.